म्हैस आडवी आली होती

जुन्या गाड्या विकणारा माणूस गाडीची किंमत नंतर काढतो, आधी गिऱ्हाइकाची काढतो. राजनं रूपालीची किंमत तिच्या चपलांवरून काढली आणि तिला सरळ पाठ दाखवून तिच्या धाकट्या भावाला, ललितला म्हणाला, "या दादा, बसा. बजेट किती आपलं?"

"गाडी मी घेणारे," रूपाली म्हणाली.

"हो हो, मॅडमसाठीच ना! तुम्ही रंग बघून घ्या मॅडम, इंजिनाचं आम्ही दोघं बोलतो."

ललितला इंजिन कुठल्या बाजूला असतं तेही धड माहीत नव्हतं. पण मिशी होती, तेवढी पात्रता आडगाव नाक्यापलीकडच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये पुरेशी होती. रूपालीनं राग गिळला. गिळलेल्या रागाचं पुढं काय होतं हे राजला अजून कळायचं होतं.

रूपाली मखमलाबादच्या फुलवालीची पोर. आईबरोबर फुलांच्या पाटीमागं बसून वाढली आणि आता लग्नाच्या मांडवांची सजावट करते. दोन टेम्पो, बारा माणसं, दिवाळीनंतर झोपायला फुरसत नाही. वीस वर्षं तिनं दुसऱ्यांच्या नवरदेवांच्या गाड्या सजवल्या. बॉनेटवर जाळी ताणायची, फटीत दोरा अडकवायचा, त्यात शेवंती ओवायची. एकदा गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर दोन दारांची बसकी, लाल गाडी आली होती. नवऱ्या मुलाच्या बापानं माशी झटकावी तसा तिचा हात झटकला. "हात नको लावूस, ओरखडा पडेल. तुझा बाप भरणारे का?" आता हात न लावता फुलं कशी लावतात, हे त्या शहाण्यानं सांगितलं नाही. रूपालीनं मुकाट्यानं फुलं लावली, पैसे घेतले आणि त्या दिवशी मनाशी गाठ मारली. अशी एक गाडी घ्यायची. योग्य भावात घ्यायची, उपकाराची नको आणि चुना लावून घेतलेली तर मुळीच नको.

म्हणून तिनं घाई केली नव्हती. पुण्यात विचारलं, मुंबईत विचारलं, चालवून बघितल्या. याच मॉडेलची, एवढी चाललेली गाडी चौतीस लाखांच्या आसपास जाते, दोन इकडं दोन तिकडं, हे तिला पाठ झालं होतं. राज मागत होता सत्तावीस. तिची आई म्हणायची, स्वस्तातलं फूल दुपारीच मान टाकतं. सात लाख कोणी उगाच सोडत नाही. ते सात लाख कुठं गेले, हे शोधायला ती आली होती.

गाडी मात्र बघतच राहावी अशी होती. मांजर उडी मारायच्या आधी बसते ना, तशी जमिनीला चिकटून बसलेली. अंगावर काळा, बिनचमकीचा रंग. रूपालीनं दार उघडलं तर दाराच्या आतल्या कडेला पिवळं दिसलं.

"मूळची पिवळी?"

"हां. काळी फिल्म चढवलीय वरून. मालक साहेबांची हौस! फिल्म काढली की आतून हळद लावलेली नवरी." राज स्वतःच्याच विनोदावर हसला. ललितही हसला.

रूपाली बॉनेटच्या कडेवरून बोट फिरवत होती. एका बाजूच्या फटीत नखही जाईना, दुसऱ्या बाजूला अख्खं बोट आत. या फटींमध्ये वीस वर्षं दोरे अडकवलेत तिनं.

"बॉनेट बदललंय."

"अं... हो."

"काच पण. डावा दिवा नवा आहे, उजवा जुना."

आता राज पहिल्यांदा तिच्याकडे वळला. "नजर आहे हां मॅडम! लपवायचं काय त्यात. म्हैस आडवी आली होती."

"कुठं?"

"त्र्यंबक रोडला. गेल्या श्रावणात. एकदम किरकोळ. चासी सरळ आहे, एअरबॅग उघडल्या नाहीत. गाडीला काही झालं नाही."

"म्हशीचं काय झालं?"

"म्हशीचं कोण बघतं मॅडम!"

ललितला चेव आला. "म्हैस मोठं जनावर असतं राजभाऊ. पंचवीस करा."

"दादा, सत्तावीसच्या खाली घरातून भरावे लागतील मला."

"मग भरा! ठोकलेली गाडी ती ठोकलेलीच. उद्या आम्ही विकायला काढली तर?"

"सव्वीस. शेवटचं. आणि मनातली शंका काढून टाका." राजनं आवाज खाली आणला, देवळात बोलतात तसा. "साहेब फार धार्मिक माणूस. त्या भानगडीनंतर त्र्यंबकला तीन दिवस बसून नारायण नागबळी केला त्यांनी. गाडीची चावीसुद्धा पूजेला ठेवली होती. आता गाडीला कसलाच दोष नाही. धुतल्या तांदळासारखी."

ललितनं मान डोलावली. त्याला वाटलं, चांगलंय, पूजा आयती झाली.

रूपालीला मात्र वेगळंच कळलं. नाशकात वाढलेल्या माणसाला हे कोणी शिकवावं लागत नाही. नाग मारला असेल तर नागबळी. माणूस अवेळी गेला, अपघातात गेला, त्याचा जीव मागं अडकू नये म्हणून नारायणबळी. म्हशीसाठी सोवळं नेसून तीन दिवस बसलेला यजमान त्र्यंबकनं अजून पाहिला नव्हता.

"आलेच," म्हणून ती शेडच्या मागं गेली आणि आईला फोन लावला.

"आई, गेल्या श्रावणात त्र्यंबक रोडला आपल्यातली कोण गेली गं?"

"अंबूबाई नाय का! किती डाव सांगितलं तुला. पण तुला कामापुढं ऱ्हातंय का काय ध्यानात." यशोदाबाईंना दम लागत होता, त्या मार्केटातच होत्या. "सोमवारची बेलाची न् झेंडूची पाटी घेऊन पहाटं रिक्षाची वाट बघत हुती बिचारी. उडावलं न् पळून गेला मेला. पार रस्ताभर झेंडू. निवृत्तीच्या डोळ्यादेखत गेली माय त्याची."

"निवृत्तीनं गाडी पाहिली होती?"

"पाहिली म्हंजे? पिवळी, बेडकावानी बसकी. पन्नास डाव सांगितलं त्यानं. पोलिसांनी लिवलं काय, तर अज्ञात वाहन. आता पिवळं त्ये पिवळं, त्यात अज्ञात काय हाय रं बाबा? जाऊ दे. तुझ्या गाडीचं जमलं का?"

"बघते," रूपाली म्हणाली आणि फोन ठेवला.

अंबूबाई. लहानपणी पाटीमागं झोप लागली की अंगावर ओलं गोणपाट टाकायची, ऊन लागू नये म्हणून. तिच्या मौतीला रूपाली गेली नव्हती. त्या दिवशी एका आमदाराच्या पुतण्याच्या वाढदिवसाचा हॉल सजवायचा होता; आईचा निरोप तिनं अर्धाच ऐकला होता.

ललित मागोमाग आला. तिनं त्याला सगळं सांगितलं. त्याचा चेहरा असा काही उजळला की तिला त्याच्याकडे बघवेना.

"ताई, मग तर सोन्याहून पिवळं! सापडला ना तावडीत. आता पंधरालासुद्धा देईल तो."

"काय म्हणालास?"

"अगं, ऐक तर. बाई गेली ती गेली, परत येणारे का? आपण नाही घेतली तर उद्या दुसरा कोणी सव्वीसला घेऊन जाईल. तू किती वर्षं झुरतेस या गाडीसाठी! मी फक्त एवढंच म्हणेन त्याला, की आम्हाला माहितीय. बास."

सगळ्यात वाईट गोष्ट अशी की तो आकडा रूपालीच्याही डोक्यात येऊन गेला होता. पंधरा. चौतीसची गाडी पंधराला. एवढंच नाही, तर वाचलेल्या पैशांतून निवृत्तीला थोडे द्यावेत, असाही एक सभ्य, तेलकट विचार पाठोपाठ आला होता. भाव पाडायला म्हैस पुरत नव्हती म्हणून अंबूबाई वापरायची. म्हशीचा एक लाख, बाईचे अकरा. तिला स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

"लल्या," ती म्हणाली, "तू रिक्षानं घरी जा. आज मला तोंड दाखवू नकोस."

मग ती शेडमध्ये गेली आणि गोड हसली. "चालवून बघू द्या की राजभाऊ."

"घ्या ना! मी बसतो शेजारी. जपून हां मॅडम, ही टेम्पोसारखी नसते."

चावी फिरवल्यावर जो आवाज आला तो तिच्या मणक्यातून गेला. गाडी गुणी होती. सांगितलं तेवढं ऐकायची, न सांगितलेलंही ऐकायची. हायवेला लागताना नुसता पाय टेकवला तर सीटनं पाठीला धरून पुढं नेलं. इतकी वर्षं जिची वाट पाहिली ती अशी निघावी, याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला. खटारा असती तर बरं झालं असतं.

"इथून यू टर्न," राज म्हणाला.

ती सरळ गेली.

"मॅडम, मागं राहिला टर्न."

"अंबूबाईला ओळखता का राजभाऊ?"

"कोण अंबूबाई?"

"म्हैस."

एसी चालू असून राजच्या कपाळावर घाम आला. उड्डाणपुलाखालचा रस्ता कुंभमेळ्यासाठी उकरून ठेवलेला, गाडी पोट घासत चालली होती. एरवी राज कळवळला असता.

"हे बघा ताई," मॅडमची आता ताई झाली, "माझा काय संबंध? मी मधला माणूस. मला म्हैस सांगितली, मी म्हैस सांगितली."

"आणि नारायणबळी? तो म्हशीचा होता?"

राजनं सीटबेल्टच्या बटणाला हात लावला. द्वारका चौकाचा सिग्नल लागला.

"उतरायचं असेल तर उतरा," ती म्हणाली. "गाडी मात्र माझ्याबरोबर येणार."

सव्वीस लाखांचा माल सोडून तो कसला उतरतो! "वीसला घ्या," तो म्हणाला. मुंबई नाक्याला अठरा केले. त्र्यंबक नाक्याला पंधरा म्हणाला, तेव्हा तिला कळलं की ललितनं अंदाज अगदी बरोबर बांधला होता. धंद्याची अक्कल पोराला आहे. आग लागो त्या अकलेला.

"कुठं नेताय पण?"

"त्र्यंबक रोडला. जिथं अज्ञात वाहन म्हणून लिहिलं त्या चौकीवर."

"ताई, असं नका करू. साहेब वाईट नाहीत हो! पळाले असतील घाबरून. पण पूजा केली ना नंतर? किती खर्च केला! नाव माहीत नव्हतं, तरी गुरुजींना सांगून अज्ञात म्हणून संकल्प सोडला तिच्यासाठी. कोण करतं एवढं?"

रूपालीनं असा ब्रेक मारला की मागचा रिक्षावाला आयाबहिणी काढत बाजूनं गेला.

"काय म्हणून?"

"अज्ञात... म्हणून."

"तिचं नाव अंबूबाई होतं! सगळ्या फूलबाजाराला माहीत होतं. एकदा, एकदा काच खाली करून विचारलं असतं ना कुणाला, तर कळलं असतं. पोलिसांच्या कागदावर गाडी अज्ञात, भटाच्या तोंडी बाई अज्ञात. मग ज्ञात काय रे तुम्हाला? सत्तावीस लाख?"

राजनं दाराच्या खिडकीकडे तोंड केलं. सातपूर मागं पडेपर्यंत त्याच्याकडून नवा आकडा आला नाही.

चौकीच्या दारात गाडी लावून ती उतरली.  तिनं दाराच्या कडेला नख घातलं. बॉनेट नवं होतं, त्याच्यावरच्या फिल्मखाली कुठला रंग निघेल भरवसा नव्हता. दार जुनं होतं. फिल्मची कड सुटली, तिनं दोन्ही हातांनी धरून ओढली आणि बकऱ्याचं कातडं निघावं तशी ती टरारा निघत गेली. खाली झेंडूसारखं पिवळंजर्द.

"अहो, ओरखडे पडतील!" राज आतून ओरडला.

"पडू दे."

आवाज ऐकून हवालदार बाहेर आला. पोट सुटलेला, हातात चहाचा कप. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून चाकं बघितली, शिट्टी वाजवली.

"लय भारी गाडी हो ताई! कितीला पडली?"

रूपाली त्याच्याकडे बघत राहिली. सकाळपासून एकानंही दुसरं काही विचारलं नव्हतं.

"किंमत अजून लागायचीय," ती म्हणाली. "कप ठेवा खाली आणि लिहून घ्या. रंग पिवळा. आणि बाईचं नाव अंबूबाई."