पिकदाणीतली मिरची

नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या, मित्रांनो, कारण मी पिकदाणी आहे. जुनी, पितळेची, वजनाला चांगली भरणारी. तुमच्यापैकी पुष्कळांनी पिकदाणी पाहिलीही नसेल. पान खाणाऱ्याने बसल्या जागी भिंत रंगवू नये म्हणून त्याच्या शेजारी ठेवायचं भांडं म्हणजे मी. रुंद तोंड, आखूड गळा आणि गोल पोट. हल्ली लोक एसटीच्या खिडकीतून थुंकतात, दवाखान्याच्या जिन्यात थुंकतात, आणि पिकदाणी पाहिली की मात्र त्यांना किळस येते. असो. मी भांडायला आलेली नाही, माझी हकिगत सांगायला आले आहे.

माझा जन्म भंडाऱ्याचा. तिथल्या एका कारागिराने पत्रा ठोकून ठोकून मला पोट दिलं, गळ्याभोवती वेल कोरली आणि शेवटी आतून कल्हई केली. आंबट काही पडलं तर पितळ कळकतं, हिरवं पडतं, म्हणून ही कल्हई लागते. तिथून मी यवतमाळला एका कापूस अडत्याच्या गादीवर आले. पांढरीशुभ्र गादी, तक्के, लोड, आणि मधोमध मी. माझ्यासमोर रुमालाखाली बोटं धरून कापसाचे भाव ठरायचे आणि ठरले की दोन्ही बाजू पान खाऊन माझ्याकडे वळायच्या. शेटजी नव्या माणसाला आवर्जून सांगायचे, "पिकदाणी पाहा, भंडाऱ्याची आहे." माझ्या वाट्याला कौतुक आलं ते एवढंच, पण मला ते पुष्कळ दिवस पुरलं.

पुढे गाद्या जाऊन टेबल-खुर्च्या आल्या. मी माळ्यावर बारदानाखाली गेले आणि तिथे किती वर्षं काढली हे मला सांगता येणार नाही, कारण अंधारात वर्षं मोजता येत नाहीत. एक दिवस दुकानच मोडलं. शेटजींच्या मुलाने कापसाच्या गाठी वाहणाऱ्या हिरासिंगला सांगितलं, आवडेल ते एक घेऊन जा. तिथे चांगली खुर्ची होती, कंदील होता, लोखंडी पेटी होती. हिरासिंगने मला उचललं. मी त्याला का आवडले हे मला अजून कळलेलं नाही.

हिरासिंगचं घर बोरी अरबजवळच्या तांड्यावर. घरात बंजाऱ्यांची गोरबोली चालते, पण तुमच्या सोयीसाठी मी त्यांचं बोलणं वऱ्हाडीतच सांगते. त्याच्या बायकोने, हंसाबाईने, मला हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं.

"जेवाले घरात चार ताटं," ती म्हणाली, "आन थुंकाले पितळ आणलं."

तरी तिने मला चिंच लावून घासलं. पितळ दिसलं की हंसाबाईला राहवत नाही.

आता जे सांगायचं आहे ते थोडक्यात सांगते. हिरासिंग मोहाची दारू प्यायचा. आधी बाजाराच्या दिवशी, मग दिवसाआड, मग रोज. भट्टी तांड्यातच होती, लखीरामची, हाकेच्या अंतरावर. शेवटचे तीन महिने हिरासिंग खाटेवरून उठला नाही. त्या तीन महिन्यांत माझ्यात काय काय पडलं ते मी तुम्हाला सांगणार नाही. हंसाबाई मला दोन्ही हातांनी त्याच्या हनुवटीखाली धरायची, नंतर मागच्या अंगणात नेऊन धुवायची आणि पुन्हा उशाशी ठेवायची. एकदा तिचे हात पिठात होते आणि हिरासिंगला उबळ आली. तिने लेकीला हाक मारली, "वर्षा, ते भांडं दे वो." बारा वर्षांची वर्षा दारात उभी राहिली आणि तिने दोन्ही हात पाठीमागे नेले. माझ्याकडे पाहून तिने नाक मुरडलं आणि ती बाहेर पळाली. मला तिचा राग आला नाही. मला भीतीच वाटली होती की ती मला धरेल आणि पुढे जन्मभर विसरणार नाही.

हिरासिंग गेला. तेराव्यानंतर हंसाबाई आणि गावातली तिची मैत्रीण मथुराबाई यांनी बायका गोळा केल्या आणि लखीरामची भट्टी फोडली. देवळासमोर उभं राहून हंसाबाई म्हणाली, "दारूचा थेंब माह्या गळ्याखाली जाणार नाही, आन या तांड्यात भट्टी लागणार नाही." त्या दिवसापासून हंसाबाईच्या शब्दावर तांडा चालतो. लखीरामला ते कधीच पचलं नाही.

भंगारवाला दोनदा आला, पण हंसाबाईने मला दिलं नाही. तिने काय केलं, तर खिळा ठोकून माझ्या बुडाला भोक पाडलं, आत माती भरली आणि मिरचीचं रोप लावलं. शेटजींच्या गादीवर बसलेली मी, कुंडी झाले. पहिला महिनाभर मी मनातून फार कष्टी होते. मग मुळं माझ्या पोटात पसरली आणि बरं वाटलं. मिरची आली ती बुटकी, जाड सालीची, आणि वास असा की फोडली की घरभर कळावं. दरवर्षी त्याच रोपाचं बी, त्याच पोटात. शेतातही तिच्या चार ओळी झाल्या. घरात तिला पिकदाणीची मिरचीच म्हणायचे, पाहुण्यांना मात्र नाव सांगत नसत.

मिरची ओळखण्यात हंसाबाईचा हात धरणारं आसपास कुणी नाही. बोरी अरबच्या बाजारात व्यापारी तिला बोलावून घेतात. ती मिरची मोडते, वास घेते, तुकडा जिभेवर फिरवते, थुंकून टाकते आणि मग बोलते. कुठल्या मातीतली, कधी तोडलेली, पावसात भिजली की नाही, सगळं सांगते. चाखणं वेगळं आणि खाणं वेगळं, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही.

वर्षा यवतमाळच्या कॉलेजात जीवाणूंचा अभ्यास करून पुण्याला नोकरीला लागली. मधापासून वाइन बनवणारी कंपनी होती ती. ही बातमी तांड्यात आली तेव्हा लखीराम पारावर बसून मोठ्याने म्हणाला, "मायनं भट्टी फोडली, पोरीनं लावली." हंसाबाईने ते ऐकलं. त्यानंतर दोन दिवाळ्या वर्षा घरी आली नाही आणि तिला कुणी ये म्हटलंही नाही. फोन यायचा, पाऊसपाण्याचं बोलणं व्हायचं आणि तो ठेवला जायचा. एका हिवाळ्यात मात्र वर्षाने पाच किलो लाल मिरची मागितली. हंसाबाईने ती एसटीने पाठवली. कशाला हवी हे आईने विचारलं नाही आणि लेकीने सांगितलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात यवतमाळला तिखट महोत्सव भरला. ठेचा, पाटवडीचा रस्सा, मिरचीची भाजी, सगळं डोळ्यांतून पाणी काढणारं. शिवाय परवाना काढून एक वेगळा मांडव घातला होता. त्यात मिरची घातलेल्या बिअर आणि मधाच्या वाइन चाखून त्यातली उत्तम निवडायची होती. भरवणारा अतुल हंसाबाईकडून मिरची घेत असे, म्हणून परीक्षक व्हा म्हणून तो तिच्याकडे आला. ती म्हणाली, ठेचा चाखीन, त्या मांडवात पाय ठेवणार नाही.

त्याच संध्याकाळी वर्षाचा फोन आला. "याडी," ती म्हणाली. आईला त्यांच्यात याडी म्हणतात. "माही बी एक बाटली हाय तिथं. माही सोताची, पयली. त्या मिरचीले तुयासारखं कोणी वळखत नाही. एकडाव सांग मले, चांगलं झालं का वाईट. मंग कधी नाही विचारत."

हंसाबाईने फोन ठेवला. मग तिने माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी मिरचीचं रोप तेलाच्या डब्यात गेलं. पुढच्या बाजारात कल्हईवाल्याने कथलाने माझं भोक बुजवलं आणि आतून कल्हई केली. मी इतकी चमकले की मला माझीच लाज वाटली.

इकडे लखीरामने तांडाभर सांगितलं की हंसाबाई यवतमाळला दारू प्यायला निघाली. एक घोट जरी तिच्या गळ्याखाली उतरला असता, तरी तिचा शब्द तांड्यात कुणी मानला नसता आणि आठ दिवसांत भट्टी पेटली असती. म्हणून मथुराबाई साक्षीला सोबत निघाली. एसटीत मी तिच्या मांडीवर होते.

मांडवात, मित्रांनो, तुमच्या वयाच्या कुणाला प्रवेश नव्हता. मला होता. टेबलावर नऊ छोटे ग्लास, त्यांवर फक्त नंबर. थुंकायला टेबलाखाली प्लॅस्टिकची बादली ठेवली होती. हंसाबाईने बादली पायाने सरकवली आणि पिशवीतून मला काढलं. आजूबाजूला हशा पिकला.

"मावशी, हे काय?" अतुलने विचारलं.

"पिकदाणी. याच्यात थुंकत असते मानूस."

दुसरे परीक्षक उत्तमसिंग, उमरखेडचे हॉटेलवाले, अंगाने भारदस्त. पहिले दोन घोट त्यांनी बादलीत थुंकले, पुढचे थुंकायला त्यांचं मन झालं नाही. पाचव्या ग्लासापासून त्यांना सगळंच एक नंबर लागू लागलं. हंसाबाई प्रत्येक घोट तोंडात फिरवायची, माझ्यात टाकायची, भाकरीचा तुकडा चावायची आणि सांगायची. दोन नंबर: "मिरची भाजतानी जळाली." चार नंबर: "याच्यात मिरचीच नाही, काळे मिरे हायेत." ज्याने ती बनवली होती तो मागे उभा होता, त्याने मान खाली घातली. मथुराबाई शेजारी बसली होती. तिची नजर ग्लासावर नव्हती, हंसाबाईच्या गळ्यावर होती.

सातवा ग्लास हंसाबाईने तोंडात घेतला आणि धरून ठेवला. मी वाट पाहत होते. मांडवाच्या कडेला वर्षा उभी होती, तीही वाट पाहत होती. आईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते तिखटाचंही असू शकतं. मथुराबाई खुर्चीच्या कडेवर आली. मग तो घोट माझ्यात आला, आणि मी ओळखला. इतकी वर्षं जिची मुळं माझ्या पोटात होती तिला मी ओळखणार नाही?

"सातचे गुण माह्याकून लिहू नका," हंसाबाई म्हणाली. "ते माह्या पोरीचं हाय."

"पण नाव तर कुठेच नाही," अतुल गोंधळला.

"मिरची माह्या घरची हाय."

उत्तमसिंग हसत म्हणाले, "सांगाची काय गरज होती, बाई? कोनाले कळलं असतं?"

"मले कळलं ना."

पुढचे दोन ग्लास तिने शांतपणे संपवले, म्हणजे माझ्यात रिकामे केले. मग तिने वर्षाला बोटाने जवळ बोलावलं. "देठं काढून वाळवली का?"

"मशीनमधे वाळवली, याडी. तिथं देठं आधीच काढतेत."

"म्हनून तिखट राह्यलं आन वास गेला. देठासकट सावलीत वाळवजो, मंग देठं काढजो. आन मध कमी कर. मध मिरचीले बोलू देत नाही." वर्षा मान हलवत होती. मग हंसाबाई म्हणाली, "तुया धंदा मले पसंत नाही. आजबी नाही. पन मिरची माही हाय. तिले बिघडवू नको."

मथुराबाईने वाकून माझ्यात डोकावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "नवाचे नऊ घोट हायेत. लखीरामले मीच सांगतो."

सात नंबरला बक्षीस मिळालं नाही. नाशिककडच्या कुणाच्या तरी बिअरला मिळालं. मला वाईट वाटलं, पण हंसाबाईचं बोलणं खरं होतं. मलाही मध जास्तच लागला होता.

निघायची वेळ झाली. हंसाबाई मला उचलायला वाकली, तेवढ्यात वर्षाने मला उचललं. काठोकाठ नाही, पण बऱ्यापैकी भरलेली होते मी. वर्षाने नाक मुरडलं, पण हात मागे नेले नाहीत. दोन्ही हातांनी धरून तिने मला मांडवामागच्या नळावर नेलं, रिकामं केलं, चटणीच्या दुकानातून चिंच मागून आणली आणि घासायला बसली. हंसाबाई मागे येऊन उभी राहिली. मग हंसाबाई म्हणाली, "गळ्यातबी हात घाल. तिथंच राह्यते." वर्षाने माझ्या गळ्यात बोटं घातली आणि घासता घासता रडली. बारा वर्षांची असताना रडायचं राहिलं होतं, ते तेव्हा झालं.

आता मी फळीवर असते. दर दोन-तीन महिन्यांनी पुण्याहून एक लहान बाटली येते. हंसाबाई चाखते, माझ्यात थुंकते आणि फोनवर चुका सांगते. फोन लवकर संपत नाही. दिवाळीला वर्षा आली होती. देठासकट वाळवलेली मिरची घेऊन गेली.

मित्रांनो, तुमच्याही घरात कधी कुणी आजारी पडेल. त्याच्या उशाशी एक भांडं असेल आणि कुणीतरी ते गुपचूप उचलून नेत असेल, धुऊन आणत असेल. एकदा ते तुम्ही उचला. नाक मुरडलंत तरी चालेल, मला त्याची सवय आहे. फक्त हात मागे नेऊ नका.