अठ्ठावन्न बॅटऱ्या

डब्यात चौसष्ट वस्तू होत्या. कानाची दोन मशिनं, त्यांच्या पोटात एकेक बॅटरी, साफ करायचा एक ब्रश, प्लास्टिकमधून कधीच बाहेर न आलेली एक माहितीपुस्तिका आणि अठ्ठावन्न कोऱ्या बॅटऱ्या. नऊ पाकिटं भरलेली, प्रत्येकात सहा. दहाव्यात चार. मी दोनदा मोजलं.

"अगं, मोजत काय बसलीस?" काकू काउंटरपलीकडून म्हणाल्या. "कुणा गरजूला देऊन टाक. घरात ठेवून मी काय लोणचं घालू त्यांचं?"

काकू म्हणजे आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या पत्नी. साहेबांना जाऊन तीन आठवडे झाले होते. कानाच्या ज्या दवाखान्यात ही मशिनं सहा वर्षांपूर्वी बसवली, तिथेच आता मी कान तपासायचं काम करते. नोकरीला अकरा महिने झालेत.

या बॅटरीच्या पाठीवर नारिंगी कागदाचा एक ठिपका चिकटवलेला असतो. तो काढला की बॅटरी सुरू होते. मग वापरा नाहीतर वापरू नका, दोन-तीन आठवड्यांत संपते. अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न ठिपके जागच्या जागी होते.

"काकू, नंतर पुन्हा बॅटऱ्या आणल्या होत्या का?"

"कशाला आणतील? हीच खोकी तशीच पडून. चालू केलं की म्हणायचे, डोक्यात भांडी पडतात. कुणी बाक सरकवतंय, कुणी खोकतंय, कुणी पानं उलटतंय. तीन दिवसांत वैतागले."

"पण मशिनं तर कानात असायची. मी स्वतः पाहिलीत."

"असायचीच! मंडळीतल्या लोकांनी मिळून हौसेने घेऊन दिलेली. न घालून कसं चालेल? वाईट वाटलं असतं सगळ्यांना. सकाळी दात घासले की मशिनं कानात. पण बंद." त्या हसल्या. "घरात मी हाका मारमारून घसा बसवून घ्यायचा आणि हे आपले ढिम्म. बाहेर मात्र कुणाला पत्ता लागू दिला नाही हो. ओठ बघून ओळखायचे. तेवढे हुशार होते."

मी डबा बंद केला आणि पुन्हा उघडला.

मी एकोणीस वर्षांची असताना पहिल्यांदा साहेबांकडे गेले ती भांडायला. प्रार्थनेचा परिणाम मोजता येत नसेल तर तो आहे असं कशावरून म्हणायचं, असा माझा प्रश्न होता. उपासनामंदिरामागच्या छोट्या खोलीत त्यांचं टेबल होतं. त्यांनी माझ्या तोंडाकडे टक लावून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चांगला प्रश्न आहे. पुढच्या गुरुवारी पाच वाजता ये." पुढच्या गुरुवारी उत्तर मिळालं नाही, पण मी दर गुरुवारी जाऊ लागले. आमच्या घरात कुणाचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबायची पद्धत नव्हती. मध्ये न बोलणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. त्यांच्याच खोलीत मी परीक्षेचे अर्ज भरले, देव मानायचा की नाही ते चारदा ठरवलं आणि चारदा मोडलं. ते फक्त मान हलवायचे. पुढे कानांचा अभ्यासक्रम निवडला तोही त्यांच्यामुळेच. यांचं कामच ऐकण्याचं, तर निदान कानांचं काम तरी आपल्याला जमावं, असं मला वाटलं होतं.

विसाव्या वर्षी माझे बाबा गेले. त्या दिवशी सकाळी आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं. दुपारी ते घरी एकटे होते आणि त्यांनी मला सात वेळा फोन केला. मी वसतिगृहाच्या खाटेवर बसून फोनकडे बघत होते. वाटलं, सकाळचं भांडण अजून संपलेलं नाही. उचलला नाही. आईला नंतर सांगितलं, फोनचा आवाज बंद होता. आई अजून तेच धरून आहे. "तुझा काय दोष, तुला ऐकूच आलं नाही," असं ती दर महिन्याला एकदा तरी म्हणते आणि माझ्या हातातला घास हातातच राहतो.

खरं काय ते मी एकाच माणसाला सांगितलं. गुरुवारी, त्या टेबलाच्या कडेवर कपाळ टेकवून. "मी बघत होते आणि मी उचलला नाही." एवढंच वाक्य. त्यांच्याकडे बघायची हिंमत नव्हती. मी रडत राहिले. मग त्यांचा हात माझ्या डोक्यावर आला आणि ते म्हणाले, "ते देवापाशी पोचलं. आता तू ते परत घरी नेऊ नकोस."

गेली चार वर्षं मी त्या वाक्यावर झोपते, उठते.

"काकू," मी विचारलं, "माझ्याबद्दल कधी काही बोलायचे का?"

"तुझ्याबद्दल? कितीदा! पोरगी वेळेची पक्की आहे म्हणायचे. एकदा म्हणाले, आज फार रडली. मी विचारलं, का हो? तर म्हणाले, वडील गेलेत ना नुकतेच."

"अजून काही?"

"अजून काय असणार? मग तुला म्हणाले असतील ना, देवापाशी पोचलं, घरी नेऊ नकोस? सगळ्यांना तेच म्हणायचे. तो घड्याळजी दुकान बंद पडलं म्हणून आला होता, त्यालाही तेच. समोरचं माणूस रडून थांबलं की हे वाक्य. मी चिडवायचे, अहो, शिक्काच करून घ्या." बोलता बोलता काकूंचे डोळे भरून आले. "आता चिडवायला तरी कोण राहिलं, सांग."

मी त्यांना पाणी दिलं.

त्या गेल्यावर मी मशिनं संगणकाला जोडली. आपण एकूण किती वेळ चालू होतो, याची नोंद अशी मशिनं स्वतःच ठेवतात. उजवं: अकरा तास. डावं: अकरा तास. बसवल्याच्या पहिल्याच आठवड्यातले असणार. मी त्यांना ते सांगितलं त्याच्या दोन वर्षं आधीचे.

एक शक्यता उरली होती. मशिनाशिवायही थोडंफार ऐकू येत असेल. मी जुनी फाइल काढली. चांगला कान उजवा. बोलण्याच्या पट्टीत ऐंशी डेसिबलच्या खाली प्रतिसाद नाही, म्हणजे त्याहून हळू आवाज ऐकूच येत नाही. डाव्याचा आकडा त्याहून वाईट.

"कुणाची फाइल गं?" डॉक्टरीणबाईंनी जाता जाता विचारलं.

"ओळखीच्यांची."

"मग बोलव की त्यांना. फेरतपासणी करून टाकू."

मी बरं म्हणाले.

गुरुवारी मी आवाज मोजायचं मीटर पिशवीत टाकलं आणि काकूंकडून खोलीची किल्ली घेतली. "तुझी वही राहिलीय का तिथे?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. नवे पाळक अजून आले नव्हते. टेबल, दोन खुर्च्या, खिडकी, सगळं जागच्या जागी होतं. त्यांच्या खुर्चीच्या पाठीला मीटर बांधलं, ते बसले की त्यांचे कान जिथे यायचे त्या उंचीवर. माझ्या खुर्चीपासून अंतर एकशे वीस सेंटिमीटर. खिडकी बंद केली. रिकाम्या खोलीचा आवाज चौतीस डेसिबल भरला. मीटरवरचे डेसिबल आणि कानाच्या तपासणीतले डेसिबल तंतोतंत एक नसतात. तो फरक हिशेबात धरला तर मीटरवरचा आकडा आणखी खाली जातो, वर येत नाही. म्हणून मी तो धरला नाही.

पाच वाजले. मी माझ्या खुर्चीत बसले, टेबलाच्या कडेवर कपाळ टेकवलं आणि ते वाक्य म्हणाले. त्या दिवशी जितक्या आवाजात म्हणाले होते, तितक्याच. पहिल्या वेळी पुरं झालं नाही. तो आकडा सोडून दिला. मग तीनदा पुरं म्हणाले, प्रत्येक वेळी उठून आकडा लिहून घेतला.

सत्तेचाळीस. एकोणपन्नास. अठ्ठेचाळीस.

सरासरी अठ्ठेचाळीस डेसिबल.