खोडातले पाय

शिक्षा भोगून नत्थूजी नंदनवन वस्तीतल्या घरी परतले, त्याला महिना झाला होता; पण लोक काय म्हणतील या धास्तीनं त्यांनी उंबरठा ओलांडला नव्हता. त्यांची मुलगी काजल कॉलेजात मराठी शिकवायची. एका सकाळी त्यांनी तिला विचारलं, "तुरुंगाले तुरुंग काहून म्हणतात वं?"

"पोर्तुगिजांकडून आला हा शब्द, बाबा. त्यांच्या भाषेत त्रोंको म्हणजे झाडाचं खोड. खोडाला भोकं पाडून त्यात कैद्याचे पाय अडकवत."

नत्थूजी बराच वेळ आपल्या पायांकडे पाहत राहिले.

"माह्ये तर मोकळे आहेत," म्हणत ते चपला शोधू लागले. "चाल, दूध घेऊन येऊ."

वाटेत शेजारच्या चंद्रकलाबाई भेटल्या. "भाऊजी, किती दिवसांनी दिसले! या न चहाले," त्या म्हणाल्या, आणि नत्थूजी त्यांच्याकडे चहाला गेले.