शालूबाईनं नाव घेतलं

आमच्या गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की माणसं महिनाभर एकमेकांकडं तिरकी बघतात आणि निकाल लागला की पुन्हा डेअरीत एकाच रांगेत किटल्या घेऊन उभी राहतात. यंदा मी स्वतःही तिरकी बघत होते, कारण माझा मुलगा भरतेश उभा होता. पॅनेल माझ्या थोरल्या दिरांचं, नानासोंचं. उमेदवाराची आई म्हणून मला चहाच्या पातेल्यापाशी बसवतील असं वाटलं होतं, पण नानासोंनी मला मतदान केंद्रात प्रतिनिधी म्हणून बसवलं. या वॉर्डातली बाई न् बाई मी चेहऱ्यानं ओळखते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

प्रतिनिधीचं काम सोपं असतं. मतदार आत आला की तो तोच आहे ना, ते बघायचं. शंका आली तर आक्षेप घ्यायचा. मग केंद्राध्यक्ष चौकशी करतात आणि मत देऊ द्यायचं की नाही ते ठरवतात.

कार्ड तपासलंच पाहिजे, या मताची मीही आहे. मागच्या निवडणुकीत आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्याच्या नावावर कुणीतरी मत टाकून गेलं, आणि म्हातारा दिवाळीआधीच वारला होता. कुणी टाकलं ते अख्ख्या गावाला माहीत होतं आणि बोललं कुणीच नाही. त्यामुळं नानासो पॅनेलच्या बैठकीत म्हणाले की या वेळी कार्ड बघितल्याशिवाय एकालाही सोडायचं नाही, तेव्हा सगळ्यात आधी मान मीच हलवली.

पण पुढचं ऐकून माझं डोकं फिरलं. आक्षेप फक्त खालच्या वस्तीतल्या लोकांवर घ्यायचे होते. खालची वस्ती म्हणजे कृष्णेच्या काठाची घरं. महापुरात तिथं पाणी पत्र्यापर्यंत चढलं होतं आणि कपाटं, पेट्या, कागद सगळं चिखलात गेलं होतं. बऱ्याच जणांनी नंतर नवे कागद काढले, पण म्हाताऱ्या माणसांची कार्डं अजून तीच, भिजून वाळलेली. आमची वरची गल्ली उंचावर. पाणी आमच्या पायरीला लागून परत गेलं, म्हणून आमची कार्डं प्लास्टिकच्या पिशवीत जशीच्या तशी. आणि खालची वस्ती गेल्या दोन निवडणुका समोरच्या पॅनेलला मतं देत आली आहे, हे काही मी सांगायला नको.

मी विचारलं, मग वरच्या गल्लीतल्या पोरी लग्न होऊन इचलकरंजीला गेल्या, त्यांची नावं अजून इथंच आहेत, त्या गाडी करून मत द्यायला येतात, त्यांच्यावर आक्षेप घ्यायचा का? नानासो हसले. ती आपली माणसं आहेत म्हणाले. आणि समोरच्यांना फार न्यायाचा पुळका आहे असं समजू नकोस, त्यांच्या हातात असतं तर त्यांनी आपल्या पोरींना दारातूनच परत पाठवलं असतं. ते खरंच होतं, म्हणून मला आणखी राग आला. नियम एकच असतो, पण प्रत्येकाला तो दुसऱ्याच्या दारात लावायचा असतो.

घरी येऊन आमच्या ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, तू आपली गप्प बस, पोराची निवडणूक आहे. भरतेशला मी काही बोलले नाही. प्रचार करून त्याचा घसा बसला होता.

मतदानाच्या दिवशी शाळेतल्या वर्गात आम्ही तीन प्रतिनिधी एका बाकावर बसलो होतो. मी भरतेशची. आमच्याच पॅनेलच्या दुसऱ्या उमेदवाराचा प्रतिनिधी पप्पू. हा नानासोंच्या बायकोचा भाचा. नाव गावच्या यादीत, पण वाढला सगळा सांगलीत, विश्रामबागला. आणि समोरच्या पॅनेलचा वीरधवल, खालच्या वस्तीतला. केंद्राध्यक्ष मेढ्याकडचे एक तरुण शिक्षक होते, धैर्यशील नावाचे. सकाळपासून पाणीसुद्धा न पिता काम करत होते बिचारे.

पप्पूनं सकाळी दोन आक्षेप घेतले. दोघांकडंही आधार होतं, त्यामुळं ते टिकले नाहीत. मी एकही घेतला नाही. एकदा त्यानं माझ्याकडं बघून भुवया उडवल्या, तर मी खिडकीबाहेर बघितलं.

मग शालूबाई आल्या.

शालूबाई म्हणजे खालच्या वस्तीतल्या. नवरा फौजेत होता. जम्मूकडं गेला तो परत आला नाही, तिरंग्यात गुंडाळलेली पेटी आली. तेव्हा मुलगा शिवतेज अंगावर पीत होता. बाईनं ऊस लावला, म्हैस पाळली, मुलाला शिकवलं. तो आता शिरवळला कंपनीत आहे. महापुरात लोक बोटीत बसायला रडत होते, तेव्हा ही बाई म्हशीचं दावं सोडून मग बोटीत चढली होती. गावातल्या प्रत्येक निवडणुकीला ती नऊवारीची घडी मोडून येते आणि मत देऊन सरळ घरी जाते. कुणाच्या गाडीत बसत नाही, कुणाचा चहा घेत नाही.

त्यांनी कार्ड पुढं केलं. त्यावरचा फोटो पुराच्या पाण्यानं पार पुसला होता. नुसता पांढरा डाग. आधार शिवतेज पेन्शनच्या कामासाठी शिरवळला घेऊन गेला होता, आणि त्याला रजा मिळाली नव्हती. यादीतला फोटो बघितला तर तोही काळा ठिपका.

पप्पू उभा राहिला आणि म्हणाला की ही बाई शालूबाई आहे याला पुरावा नाही, माझा आक्षेप आहे. वीरधवल म्हणाला, मी शेजारी राहतो, मी ओळखतो. पप्पू म्हणाला, तो त्यांच्याच पॅनेलचा, तो कुणालाही ओळखेल.

शालूबाईंनी माझ्याकडं बघितलं. काही मागितलं नाही, नुसतं बघितलं. मला त्या घडीला भरतेश आठवला, बसलेला घसा आठवला. या वॉर्डात एकेक मत मोजून घ्यावं लागणार, हे मला कळत होतं. आणि हे मत त्याचं नाही, हेही कळत होतं. पण जिला तीस वर्षं बघत आले, तिला माझ्या डोळ्यांदेखत कुणी खोटी म्हणावं? माझा पारा चढला.

"मी ओळखते," मी म्हटलं. "या शालूबाईच आहेत."

पप्पू माझ्याकडं बघतच राहिला. केंद्राध्यक्ष साहेब अडचणीत पडले. एकाच पॅनेलचे दोन प्रतिनिधी, एक हो म्हणतोय आणि एक नाही. ते म्हणाले, आक्षेप मागे घेत नसाल तर मला चौकशी करावी लागेल. पप्पू म्हणाला, करा. त्याला नानासोंनी चांगलं पढवलं होतं. तो साहेबांना म्हणाला, मतदाराला प्रश्न विचारा, पण यादीतलं काही वाचून दाखवू नका, वाचून दाखवलं तर कुणीही मान डोलवेल.

साहेबांनी नाव विचारलं. त्यांनी सांगितलं. वय विचारलं. साठीच्या म्होरं, म्हणाल्या. मग साहेबांनी विचारलं, "पतीचं नाव?"

शालूबाईंनी पदर डोक्यावरून पुढं ओढला.

साहेबांनी पुन्हा विचारलं. त्या जमिनीकडंच बघत राहिल्या. पप्पूचा चेहरा फुलला. त्याला वाटलं, चोर सापडला. नवऱ्याचं नाव माहीत नाही, म्हणजे बाई खोटीच! विश्रामबागेत वाढलेल्या पोराला कुठून कळणार? आमच्याकडं जुन्या बायका नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाहीत. मी तरी कुठं घेते? मघापासून 'आमचे हे' म्हणत आलेय, तुमच्या लक्षात आलंच असेल. बँकेत, दवाखान्यात शालूबाई शिवतेजला पुढं करतात आणि तो बापाचं नाव सांगतो. आज शिवतेज नव्हता.

मी साहेबांना हे सांगितलं. त्यांनी मान हलवली. म्हणाले, माझी आईसुद्धा घेत नाही, मला सगळं कळतं. पण आक्षेप आलाय, चौकशीची नोंद करायची आहे, आणि उत्तर यांच्याच तोंडून यायला पाहिजे. मी सांगून चालणार नाही आणि तुम्ही सांगूनही नाही.

एरवी अशा वेळी बायका उखाणा घेतात. दोन ओळी जुळवायच्या आणि त्यात नाव गुंफून मोकळं व्हायचं. लग्नात, डोहाळजेवणात, हळदीकुंकवाला आम्ही सगळ्या घेतो आणि हसतो. पण नवरा गेल्यावर बाईला कुणी नाव घ्यायला सांगत नाही. ती कार्यक्रमात मागं भिंतीला टेकून बसते, किंवा तिला बोलावतच नाहीत. शालूबाईंना गेल्या चाळीसेक वर्षांत कुणी नाव घे म्हणालं नसेल. मीही माझ्या घरच्या हळदीकुंकवाला त्यांना कधी बोलावलं नव्हतं. तशी रीतच आहे, कोण काय करणार, असं आम्ही सगळ्याच म्हणत आलो.

दाराबाहेर खालच्या वस्तीतल्या बायकांची रांग लागली होती आणि त्या माना वर करून आत बघत होत्या. वीरधवल हळूच म्हणाला, "काकी, ऱ्हाऊ द्या, चला घरला." मला वाटलं, जातात आता.

शालूबाईंनी पदर मागं सारला. चेहरा पुरता उघडा केला, कार्डावर जो नव्हता तो. साहेबांच्या टेबलासमोर सरळ उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात बोलल्या:

"महापुरानं चेहरा पुसला, कार्ड ऱ्हायलं कोरं,
नाथाजीरावांचं नाव घेते पाच मानसांम्होरं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी पुसलंसुद्धा नाही. साहेबांनी यादीत बघितलं, पेन खाली ठेवलं, आणि आक्षेप फेटाळला म्हणाले. शालूबाईंनी बोट पुढं केलं, शाई लावून घेतली, आत गेल्या, आणि मशीनचा लांबलचक आवाज आला. पप्पू बाकावर बसून मोबाइल शोधायला लागला. मोबाइल आत आणायला बंदीच होती.

त्यानंतर त्यानं दिवसभरात एकही आक्षेप घेतला नाही. आणि खालच्या वस्तीतल्या बायका तरी कशाला थांबतात! हातात धडधडीत आधार असताना पुढची बाई टेबलापाशी येऊन नवऱ्याचं नाव घेऊन मोकळी झाली. तिच्या मागची पण. साहेब हात जोडून म्हणाले, बायांनो, गरज नाही, रांग थांबतेय. पण त्यांच्याही तोंडावर हसू होतं. मी बाकावर बसून होते, आणि खरं सांगते, आपण या गावात नांदायला आलो याचा मला इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

निकाल लागला. भरतेश पडला, अगदी थोडक्यात पडला. नानासो आमच्या अंगणात येऊन मला सरळ म्हणाले की तू आपल्या पोराला पाडलंस. मी म्हटलं, पोरगा मतांनी पडला, ओळखीनं नाही. ते चप्पल घालून निघून गेले आणि अजून बोलत नाहीत. आमचे हे चार दिवस जेवताना ताटाकडंच बघत होते. भरतेश मात्र वेगळंच बोलला. त्याला हे सगळं पप्पूकडूनच कळलं होतं. म्हणाला, "आई, तू ओळखत न्हाई म्हणाली असतीस, तर मी निवडून येऊन त्या वस्तीत कुठल्या तोंडानं गेलो असतो?" मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. पोरगं हरलं होतं, पण घरातलं सगळ्यात शहाणं माणूस तेच निघालं.

पुढच्या आठवड्यात शालूबाई आमच्या दारात आल्या. वरच्या गल्लीत त्या कधी येत नाहीत. मी आत बोलावलं, बसायला सतरंजी टाकली. त्या बसल्या नाहीत, उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"सुरेखा, तोंडावर सांगाय आले," त्या म्हणाल्या. "मत मी तुज्या पोराला न्हाई दिलं. तू येवढी माज्या बाजूनं हुबी ऱ्हायलीस, तवा मशीनीम्होरं गेल्यावर वाटलं, द्यावं. हात बी तिकडं गेला हुता. पन मग म्हनलं, हे मत हाय, उपकाराची फेड न्हाई."

खोटं कशाला बोलू, मला ते लागलं. थोडक्यात पडलेल्या पोराची आई होते मी. क्षणभर वाटलं, न सांगता गेली असती तरी चाललं असतं या बाईचं. पण तिच्याकडं बघितलं आणि मान आपोआप ताठ झाली. हिला मी ओळखते म्हणाले होते, आणि बरोबर ओळखलं होतं.

"मावशी," मी म्हटलं, "येत्या संक्रांतीला आमच्यात हळदीकुंकू हाय. तुमी या. आनि म्होरं बसा."