दूधभावांचा पेला

मी एक पेला. लाकडी पट्ट्यांचा, बसका, दोन्ही बाजूंना कान असलेला. स्कॉटलंडच्या डोंगरात ड्रमफर्न नावाचं खोरं आहे. तिथं मार्सालीच्या नवऱ्यानं मला घडवलं. जहागीरदाराचं पोर कुळाच्या घरी वाढवायची आमच्याकडे रीत. म्हणून धाकटा जहागीरदार एनियस मार्सालीच्या अंगावर प्यायला आणि तिच्या पोटच्या टॉर्मोडबरोबर माझ्यातून ओटची पेज प्यायला. रक्ताचं नातं पातळ होतं, दुधाचं होत नाही, असं आमचे लोक म्हणतात. म्हणायला काय जातं!

एनियस मोठा झाला, गादीवर बसला आणि मी त्याच्या गढीत आलो. जहागीर ती केवढी? वीस घरं आणि काळी गुरं. पण ती हातची जाईल या धास्तीनं त्याला कधी धड जेवण गेलं नाही.

सतराशे पंचेचाळीस साली परागंदा राजघराण्याचा राजपुत्र किनाऱ्याला उतरला आणि लंडनच्या राजाविरुद्ध बंड पेटलं. कोण जिंकणार, कुणालाच ठाऊक नव्हतं. असल्या वेळी लहान सरदार काय करतो? आजारी पडतो. एनियसनं पायाला फडकी गुंडाळली, संधिवाताची हूल उठवली आणि टॉर्मोडला बोलावलं. फडकी शेकायला मार्साली तिथंच बसली होती.

"आज कुठला पाय?" टॉर्मोडनं विचारलं. "काल तर डावा होता."

"चेष्टा पुरे. वीस माणसं घे आणि बंडात जा. जो येणार नाही त्याचं छप्पर पेटव."

"आणि हरलो तर?"

"मी तर बिछान्यात आहे," एनियस म्हणाला. "तू माझा भाऊ ना रे?"

टॉर्मोड हसला. माझा एक कान त्यानं धरला, दुसरा एनियसनं, आणि दोघं व्हिस्की प्याले.

कलोडनच्या माळावर बंडाचा चुराडा झाला. विसातले सात परतले. टॉर्मोड पकडला गेला. मालकानं धाक घालून पाठवलं हे सिद्ध झालं, तर फास टळू शकत होता. पण हा पठ्ठ्या तोंडच उघडेना. तेव्हा लंडनच्या राजाच्या लाल डगलेवाल्या फौजेचा कप्तान त्याच्या आईची साक्ष घ्यायला निघाला.

त्याच्या आधी एनियस मला घेऊन तिच्या झोपडीत पोचला. पाय अगदी ठणठणीत होते.

"आई, खरं बोललीस तर मी लटकेन. जहागीर जप्त होईल. मग या वीस घरांना कोण वाली?"

"आणि टॉर्मोडला कोण?"

एनियस रडला. खरंच रडला, ते मी नाकारत नाही. "मी जिवंत आहे तोवर इथली एकही चूल विझणार नाही. तुझ्या दुधाची शपथ."

कप्तान आला. त्यानं विचारलं. मार्साली म्हणाली, "पोरगा मुळातच हट्टी, साहेब. आपल्या मनानं गेला."

टॉर्मोडला फाशी दिली.

सतरा वर्षं एनियसनं शब्द पाळला. मग मेंढपाळीत बरकत आहे असं त्याला शहरी कारभाऱ्यानं पटवलं, आणि मेंढ्यांना हवं होतं सबंध खोरं. वीसही घरांची छपरं उतरवली. ज्यांच्यासाठी आईनं पोटचा पोर दिला, ती माणसं गाठोडी बांधून जहाजाकडे निघाली.

निरोपाला एनियस मला भरून घेऊन आला. गाडीवर मार्साली बसली होती.

"आई, एक घोट घे."

"नको. एकदाच मोठ्यानं बोल. 'टॉर्मोडला मी पाठवलं' असं म्हण. मरायला मोकळी होईन."

एनियसचे ओठ हलले. शेजारी कारभारी उभा होता. एनियसनं त्याच्याकडे पाहिलं.

"आई, वारा बोचरा आहे," तो म्हणाला. "शाल नीट घे."

गाडी निघाली. त्यानं व्हिस्की तिथंच चिखलात ओतली.

आता मी संग्रहालयातल्या काचेच्या कपाटात आहे. कोरडा पडून माझ्या पट्ट्या सुटल्या आहेत. खाली पाटी आहे: 'दोन भावांच्या प्रेमाची खूण'. माझी एवढीच विनवणी आहे. ती पाटी काढा. लिहायचंच असेल तर लिहा, याला धरून एकानं हुकूम दिला आणि फासावर दुसरा गेला. तेही जमत नसेल, तर मला चुलीत घाला.