चार नंबरचा तलाव

तसं मेघना राऊळचं मन काही लहान नव्हतं. नणंदेनं ठाण्यात तीन खोल्यांचा फ्लॅट घेतला तेव्हा तिनं स्वतः ऑफिसात पेढे वाटले. हाताखालच्या मुलीला आधी बढती मिळाली तेव्हा केक आणला. पण अक्षता तांबेचं नुसतं नाव निघालं की तिच्या पोटात दुखायला लागे, आणि हे दुखणं आजकालचं नव्हतं.

दोघी लालबागच्या एकाच चाळीत, एकाच मजल्यावर वाढल्या. मेघनाचे वडील गुणाजी आणि अक्षताचे वडील भिवा, दोघंही चाळीमागच्या मिलमध्ये कामाला. चाळीचं मंडळ दर जूनमध्ये हुशार मुलांना वह्या वाटायचं. पहिल्या नंबराला बारा वह्या आणि कंपासपेटी, दुसऱ्याला नुसत्या सहा वह्या. दहा वर्षांत राऊळांच्या घरात कंपासपेटी एकदाच आली, तीही अक्षताला कावीळ झाली होती त्या वर्षी. पुढे अक्षतानं फ्रेंचचा क्लास लावला म्हटल्यावर मेघनानं जपानी धरली. जपानी जास्त अवघड, हे तिनं आधी चौकशी करून घेतलं होतं.

आता दैवाचा खेळ असा की पंचवीस वर्षांनी या दोन्ही भाषा एकाच बोगद्याच्या तोंडाशी येऊन भिडल्या. परळहून निघून लालबागच्या पोटातून बंदराकडे जाणारी भुयारी रेल्वे सरकारला हवी होती, आणि सरकारकडे पैसा नव्हता. म्हणून बाहेरच्या कंपनीनं पैसा घालावा, बोगदा खणावा, गाड्या चालवाव्यात आणि तीस वर्षं तिकिटांतून वसूल करावं, असं ठरलं. अर्ज सात आले, चाळणीतून दोन उरले. एक जपानी कंपनी, तिची दुभाषी आणि इथली सगळी कामं बघणारी मेघना. दुसरी फ्रेंच, आणि तिथे कोण हे सांगायलाच नको.

जपान्यांचे इथले मुख्य नाकाता साहेब. मोजकं बोलणारे, चुकीला चूक म्हणणारे. काम मिळालं तर मुंबईच्या कार्यालयाची प्रमुख तू, असं त्यांनी मेघनाला एकदा सांगितलं होतं, आणि ते एकदा सांगितलेलं पुन्हा सांगत नसत. मेघनाच्या नवऱ्यानं, जगदीशनं, शिवाजी पार्कच्या घरात लगेच ओसाकाच्या सहलीचा बेत आखायला घेतला. मेघनाला ओसाकाचं काही पडलं नव्हतं. तिला अक्षता हरलेली बघायची होती.

एका रविवारी ती बाबांसाठी बांगड्याचं तिखलं घेऊन लालबागला गेली. आई गेल्यापासून बाबा चाळीत एकटेच राहत. दाराबाहेर अक्षताच्या चपला होत्या. मेघनानं त्या चपला अंधारातही ओळखल्या असत्या.

आत बाबा जमिनीवर मांडी घालून बसले होते. समोर जुन्या कॅलेंडरचं पान उलटं पसरलेलं, त्यावर ते पेन्सिलीनं चौकोन काढत होते आणि तोंडानं अखंड बोलत होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, लेकीशी फोनवर 'हां, बरा आसंय' यापलीकडे न जाणारा, इथे हातवारे करून बोलत होता. अक्षता गालावर हात ठेवून ऐकत होती. ती अजून चाळीतच राहत होती, आईला, जाईबाईला, घेऊन. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हापासून रोज डोळ्यांत थेंब घालायला यायची.

"ये गो, बस," बाबा म्हणाले. "अक्षताक चार नंबरचो तलाव दाखवतंय."

अक्षता उठली. "मी निघते काका, डाळ शिजत ठेवलीय." जाताजाता मेघनाला म्हणाली, "छान दिसतेस गं. बारीक झालीस."

मेघनाला तेही झोंबलं. दार लागल्यावर ती बाबांवर घसरली. "बाबा, तुम्ही तिला हे सगळं कशाला सांगताय? ती आमच्या विरुद्धच्या कंपनीत आहे!"

"मगे? तिना इचारल्यान, मी सांगलंय. तू कधी इचारलंस?"

"पण मी तुमची मुलगी आहे!"

"तलाव काय माझ्या एकट्याचो हा?" बाबांचा आवाज चढला. "दर मे महिन्यात गाळ काढूक मी वर पंपावर, नि भिवा खाली छातीभर चिखलात. अर्धो तलाव तिच्या बापाशीचो."

मग त्यांनी तिलाही समजावलं. मिलला पाणी लागायचं म्हणून आवारात चार तलाव होते. तीन सगळ्यांना माहीत. चौथा चाळीला अगदी खेटून. संपानंतर मालकानं तो एका महिन्यात राडारोडा टाकून बुजवला आणि नकाशातूनही पुसला. चाळीची मागची बाजू त्याच तलावाच्या कठड्यावर उभी होती. बोगद्यासाठी खालचं पाणी ओढलं की कठडा सरकणार.

"चाळ बसतली, बाय," बाबा म्हणाले. "कोणय खणा, पण ह्या ठावक असूक व्हया. हो कागद तुझ्या सायबाक दी."

मेघनानं कागदाची घडी घालून पर्समध्ये टाकली. तिच्या कंपनीनं दोन महिने लालबागभर भोकं पाडून जमीन तपासली होती. बारा ठिकाणी खडक लागला होता, तेरावं भोक जिथं पाडायला हवं होतं तिथं पाडलंच नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

टॅक्सी परळच्या पुलावर चढेपर्यंत मात्र तिच्या डोक्यात दुसरंच चक्र सुरू झालं होतं. करारातला नियम असा होता की जो धोका आधी माहीत असेल त्याचा खर्च कंपनीचा, आणि जो खणताना अचानक निघेल त्याचा सरकारचा. म्हणजे ज्याला तलाव माहीत, त्याच्या बोलीचा आकडा फुगणार, आणि काम तर कमी आकड्यालाच मिळणार होतं. अक्षताला तलाव माहीत होता. ती तिच्या साहेबांना सांगणार, फ्रेंचांचा आकडा चढणार. आणि नाकाता साहेबांना तो माहीतच नसेल, तर जपानी स्वस्तात काम घेऊन जाणार. साहेबांना सांगितलं तर ते खर्च धरणारच, तसाच माणूस होता तो. म्हणून सांगायचं नाही.

चाळीचं काय, हा प्रश्न तिच्या मनात आला नाही असं नाही. आला, पण तिनं त्याला बसायला पाट दिला नाही. काम मिळू दे, मग हळूच सांगू. खणायला दोन वर्षं आहेत. तोवर बाबांना शिवाजी पार्कला आणू. जळफळणाऱ्या माणसाला कारणं कधी कमी पडत नाहीत.

कंपन्यांनी सरकारला लेखी प्रश्न विचारायची मुदत शुक्रवारी पाच वाजता संपत होती. इथेही एक गोम होती. प्रश्न कुणीही विचारो, त्याचं उत्तर सगळ्या स्पर्धकांना जायचं, विचारणाऱ्याचं नाव गाळून. तेव्हा हातातलं गुपित कुणी प्रश्न करून उधळत नसे. शुक्रवारी मेघनानं तो कागद टेबलाच्या खणात, डब्याच्या पिशवीखाली ठेवला आणि पाच वाजायची वाट बघितली. पाच वाजले. तिनं कडक कॉफी मागवली.

दहा दिवसांनी उत्तरांचा गठ्ठा आला. नाकाता साहेबांसमोर बसून ती एकेक प्रश्न जपानीत वाचून दाखवत होती. सत्तेचाळीसाव्या प्रश्नापाशी तिची जीभ अडखळली.

'लालबाग येथे चाळीलगत मिलचा बुजवलेला चौथा तलाव असून चाळीचा पाया त्याच्या कठड्यावर आहे. याची नोंद घेतली आहे काय? माहिती देणारे: श्री. गुणाजी राऊळ, निवृत्त कामगार, पाणी खाते, आणि कै. भिवा तांबे, कामगार.' खाली उत्तर होतं: नोंद घेतली. चाळीच्या संरक्षणाचा खर्च दोन्ही स्पर्धकांनी धरावा.

विचारणाऱ्याचं नाव नव्हतं. गरजही नव्हती. अक्षतानं गुपित भर बाजारात मांडून ठेवलं होतं. दोघांनाही कळल्यामुळे आता दोघांचाही आकडा सारखाच चढणार, कुणाचं नुकसान नाही, आणि चाळ उभी राहणार. इतकी साधी गोष्ट मेघनाला सुचली नव्हती. तिला खरी आग लागली ती मात्र दुसऱ्याच कारणानं. तिच्या बापाचं नाव सरकारी कागदावर छापून आलं होतं, आणि ते अक्षतानं आणलं होतं.

"राऊळ-सान," नाकाता म्हणाले, "हे तुमचे कोण?"

"वडील."

"तुम्हाला हे माहीत नव्हतं?"

"नाही," मेघना म्हणाली. "मिलचं ते घरी बोलत नाहीत."

नाकातांनी मान हलवली. "मग त्यांचे आभार मानायला हवेत. शनिवारी जाऊ."

शनिवारी अकरा वाजता नाकाता साहेब चाळीचे जिने चढले आणि दाराबाहेर बूट काढून, त्यांची टोकं बाहेरच्या दिशेला करून ठेवली. शेजारी अक्षताच्या चपला होत्याच. बाबांकडे कप दोनच, म्हणून ती आपल्या घरचे कप आणि जाईबाईनं केलेला चहा घेऊन आली होती. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता.

नाकातांनी वाकून आभार मानले. मेघनानं त्यांचं मराठी केलं. बाबा अवघडून हसले, आणि मग साहेबांकडे बघत म्हणाले, "आभार कसले? कागद तर मी ह्या मेघनाक आधीच दिलेलंय. तिना तुमका दाखवल्यान नाय?"

नाकाता साहेब मेघनाकडे बघत थांबले, दुभाष्याकडे बघतात तसे.

"ते म्हणतात," मेघना जपानीत म्हणाली, "तुम्ही आलात, आमच्या घराचा मान वाढला."

नाकाता प्रसन्न हसले आणि पुन्हा वाकले.

बाबा त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. पंपाचा नुसता आवाज ऐकून पाणी कुठे अडलंय ते सांगणारा माणूस होता तो. "सांगलंस?" त्यांनी लेकीला विचारलं.

"सांगितलं ना, बाबा."

बाबांनी तिच्याकडे बघितलंही नाही. "अक्षता, तुका इंग्लिश येता. सायबाक पण थोडा समजता. तू सांग."

अक्षता ट्रे घेऊन मधेच उभी राहिली. तिनं आधी बाबांकडे बघितलं, मग मेघनाकडे. मेघनाला कळून चुकलं, कंपासपेटी पुन्हा तिकडेच चालली. आपण तिच्या जागी असतो तर काय केलं असतं, हेही तिला स्वच्छ माहीत होतं. एका वाक्यात उघडं पाडलं असतं, आणि वर हसलो असतो.

अक्षता इंग्रजीत म्हणाली, "सर, काका म्हणतात, चहा निवतोय. घ्या ना."

बाबांना तेवढं इंग्रजी कळत होतं. त्यांनी मान खाली घातली.

वाचली होती मेघना. ऑफिस वाचलं, प्रमुखपद वाचलं, ओसाका वाचलं. आणि तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आयुष्यभर हिच्या मागे दुसरा नंबर, आणि आता खुर्चीवर बसायचं तेही हिच्या मेहेरबानीवर? रोज सकाळी कार्यालयाचं दार उघडताना हिची आठवण काढून? हरलेलं चाललं असतं, पण हे उपकार नकोत. चांगुलपणानं नाही, निव्वळ जळून तिनं तोंड उघडलं.

"नाकाता-सान," ती जपानीत म्हणाली, "मी खोटं सांगितलं. वडिलांनी तो कागद मला मुदतीच्या आधीच दिला होता. मी तो खणात ठेवला."

नाकातांचा कप ओठांपाशी थांबला. त्यांनी तो हळूच बशीत ठेवला. ते एकदा सांगितलेलं पुन्हा सांगत नसत, पण दिलेला शब्द मागे घेणार हे त्यांच्या तोंडाकडे बघून कळत होतं. अक्षताला जपानी येत नव्हती. ती गोंधळून एकदा नाकातांकडे, एकदा मेघनाकडे बघत राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच खोलीत काय चाललंय ते तिला कळत नव्हतं, पण मेघनाला त्याचा आनंद घ्यायला उसंत नव्हती.

जपानी बाबांनाही येत नव्हती. पण थांबलेला कप त्यांनी बघितला होता.

"आता सांगलंस," ते म्हणाले. मग सरकून त्यांनी लेकीला आपल्या शेजारी जागा केली. "अक्षता, तिका पण चाय दी गो."