उष्टा खुळखुळा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी खुळखुळा आहे. जुना आणि उष्टा. उष्टा म्हटल्यावर लगेच नाकं मुरडू नका. तुम्ही आज मोठे झालात, घडाघडा वाचायला लागलात, म्हणून काय झालं? माझ्यासारख्याच कुणाला तरी तुम्हीही तासन्‌तास चघळलेलं आहे. आठवत नसेल तर आईला विचारा.

मला एका कातारीबुवांनी घडवलं. कातारी म्हणजे यंत्रावर लाकूड गरागरा फिरवून त्याला गोल आकार देणारा कारागीर. पलंगाच्या पायातून एक तुकडा उरला होता, त्याचा मी झालो. मधे मूठ, दोन्ही टोकांना गोल गड्डे आणि मुठीवर तीन सैल कड्या. या कड्या बाहेरून आणून घातलेल्या नाहीत बरं का! त्याच एका लाकडातून कोरून सुट्या केलेल्या आहेत. त्यामुळे त्या निघत नाहीत आणि कुणाच्या घशातही जात नाहीत. "रंग देणार का?" असं गिऱ्हाईक बाईंनी विचारलं, तेव्हा बुवा म्हणाले, "हा सारखा तोंडात जाणार. रंग कशाला पोटात घालता पोरांच्या?" मग त्यांनी मला नुसतं खायचं तेल चोळलं आणि कागदात गुंडाळून दिलं.

त्या बाईंचं पाळणाघर होतं. शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या, दाराला गुडघ्याएवढं फाटक, जमिनीवर जाड चटया. बाई मुलांना सांभाळायच्या आणि मावशी धुणं, पुसणं, भरवणं बघायच्या. मावशींची एक पद्धत होती. खोलीत दोन टोपल्या असायच्या, एक धुतलेल्या खेळण्यांची आणि एक उष्ट्यांची. जे खेळणं तोंडात गेलं, ते मुलानं टाकलं रे टाकलं की उष्ट्या टोपलीत जायचं. दुपारी मुलं झोपली की मावशी आम्हाला साबणाच्या पाण्यात घासायच्या आणि खिडकीत पंचावर उन्हात पसरायच्या. अंग वाळून कडक झालं की आम्ही पुन्हा कामावर हजर.

काम कसलं, तर चघळून घेण्याचं! हसू नका, फार कष्टाचं काम आहे ते. काही मुलं चोखायची, काही कडाकडा चावायची. एक पठ्ठ्या तर नुसता जिभेनं चाटायचा आणि तोंड वाकडं करून मला परत ठेवायचा, जशी काही मी त्याची भाजी बिघडवली होती. हिरड्या शिवशिवणाऱ्या मुलांची रडारड मी एकट्यानं थांबवलेली आहे. "खुळखुळा द्या गं त्याला, गप्प बसेल," असं मावशी म्हणाल्या की माझी छाती फुगायची. अकरा वर्षं मी असा खुळखुळत राहिलो. बडबड्या म्हणा हवं तर, पण त्या खोलीत माझ्या आवाजाला मान होता.

मग चिंगी आली.

चिंगी नऊ महिन्यांची होती. केस कमी, आवाज मोठा. तिची आई पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करायची. गावातल्या नळांचं पाणी बाटल्यांतून तिच्याकडे यायचं आणि ते प्यायला चांगलं की वाईट हे ती ठरवायची. तिची रजा संपत आली होती. दोन आठवड्यांनंतरच्या सोमवारी कामावर गेली नाही तर तिच्या जागी दुसऱ्या कुणाला तरी घेणार होते. चिंगीचे बाबा बोटीवर नोकरीला, सहा सहा महिने घरी नाहीत. आजी-आजोबा दोन्हीकडचे नाहीत. म्हणजे चिंगी पाळणाघरात रमली तर आईची नोकरी राहणार, नाहीतर गेली. तिचा जीव टांगणीला लागला होता.

पहिल्या दिवशी आई चटईच्या कडेला बसून राहिली. चिंगी रांगत गेली ती थेट गुंड्याकडे. गुंड्या म्हणजे वर्षाचा एक गोलमटोल मुलगा. मी त्याच्या तोंडात होतो. चिंगीनं मला त्याच्या तोंडातून ओढलं आणि लाळेसकट आपल्या तोंडात घातलं.

"अगं अगं अगं! शी! थूक ते!" आई किंचाळत धावली. चिंगी दचकून रडायला लागली, गुंड्या तिचं बघून रडायला लागला आणि मी खाली पडलो.

मावशींनी मला उचलून उष्ट्या टोपलीत टाकलं. "अहो, होतं असं. धुऊन टाकते मी दुपारी."

"दुपारी? तोवर पोटात गेलं ना सगळं!" आई म्हणाली. "तुम्हाला दिसत नाही म्हणून तुम्ही निवांत आहात. मला दिसतं. रोज दिसतं."

तिला काय दिसतं ते दुसऱ्या दिवशी आम्हालाही कळलं. ती चपट्या काचेच्या बशा घेऊन आली. त्यांच्यात जेलीसारखा थर होता. तिनं काडीला गुंडाळलेला कापूस माझ्या गड्ड्यावर फिरवला आणि मग बशीत फिरवला. दोन दिवसांनी ती बशी परत आली. त्या थरावर पिवळे-पांढरे ठिपकेच ठिपके, एकेक ठिपका म्हणजे वाढलेल्या जंतूंचा एकेक ढीग! संध्याकाळी मुलांना न्यायला आलेल्या सगळ्यांना तिनं ती बशी दाखवली. "हा बघा तुमचा खुळखुळा."

मित्रांनो, माझी अशी बदनामी आजवर कुणी केली नव्हती. पालकांचे चेहरे उतरले. गुंड्याच्या बाबांनी तर त्याला असं उचललं, जसं काही मी चावणार होतो. दुसऱ्या दिवशी तीन मुलं आलीच नाहीत.

"मला तुमचं नुकसान करायचं नव्हतं हो," चिंगीची आई बाईंना म्हणाली. "पण मी हिला इथे सोडू कशी? खेळणी उकळून घ्या ना. सगळी."

"उकळायची म्हणजे किती?" मावशींनी विचारलं.

"चांगली उकळा. शंका नको."

मावशींना मनापासून चिंगीच्या आईला मदत करायची होती. त्यांनी विचार केला, नुसतं उकळण्यापेक्षा कुकरच लावू, म्हणजे शंकेला जागाच नाही. रबरी खेळणी त्यांनी वगळली, कारण त्यांचा लगदा झाला असता. आम्हा लाकडी मंडळींना मात्र कुकरमध्ये बसवलं, वर झाकण आणि तीन शिट्ट्या. मावशी डाळ शिजवतात तितक्याच निष्ठेनं त्यांनी मला शिजवलं.

त्या वाफेत काय झालं ते सांगतो. लाकूड फुगलं. मुठीवरच्या तिन्ही कड्या घट्ट आवळून बसल्या. आणि बाहेर काढून मी वाळायला लागलो तेव्हा माझ्या एका गड्ड्याला तडा गेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. चिंगीनं मला हातात घेऊन जोरजोरात हलवलं. आवाज नाही. तिनं मला उलटं करून बघितलं, पुन्हा हलवलं. मग ती रडली. मला रडता येत नाही म्हणून, नाहीतर मीही रडलो असतो.

"आता तरी झालं का समाधान?" बाईंनी आईला विचारलं. रागानं नाही, दमून विचारलं.

"पुन्हा तपासते," आई म्हणाली.

"तपासा. पण एक करा. साबणानं धुऊन वाळवलेला तो रबरी जिराफ आहे ना, तोही तपासा. आणि चिंगीचा हात धुवा स्वतःच्या हातानं, आणि त्याचीही एक बशी लावा."

तीन बशा लागल्या. त्या परत आल्या तो शुक्रवार होता. मुलं झोपली होती. आईनं बशा खिडकीत मांडल्या आणि चटईवर बसली. जिराफाच्या बशीत थोडे ठिपके होते. चिंगीच्या धुतलेल्या हाताच्या बशीत त्याहून जास्त होते. आणि माझ्या तड्यातून घेतलेली बशी नुसती गिजबिज! अहो, तड्यात दिवसभराची लाळ शिरली होती आणि वाळायला वाव नव्हता. इतकं शिजूनही सगळ्यात घाणेरडा मीच ठरलो.

"तुमच्या कामात बशी कशी यावी लागते?" बाईंनी विचारलं.

"कोरी. पिण्याच्या पाण्याची कोरीच लागते. एक ठिपका आला की नळ बंद करायला सांगतो आम्ही."

"मग आता चिंगीचा हात बंद करायचा का?"

आधी आईला हसू आलं. मग हसता हसताच तिचे डोळे भरून आले. "मी पाण्याचा नियम खेळण्याला लावला हो," ती म्हणाली. "खेळण्याची बशी कोरी येतच नाही. मलाच कळायला हवं होतं." मग तिनं सांगितलं, "ही दोन महिने आधी जन्मली. बावीस दिवस काचेच्या पेटीत होती. कोपरापर्यंत हात घासल्याशिवाय मला तिला हात लावू देत नव्हते. एकदा घाईत मी विसरले, तर नर्स ओरडली माझ्यावर. तेव्हापासून कुणी तिच्याजवळ आलं की मी आधी साबण पुढे करते."

"तेव्हा ती नर्स बरोबरच होती," बाई म्हणाल्या. "दीड किलोची असेल ना पोर? आता बघा तिच्याकडे. त्या गुंड्याला लोळवते ती."

मावशी म्हणाल्या, "आणि मी मेली कुकर लावून बसले!"

आईनं डोळे पुसले आणि कामाला लागली. बाकीच्या पालकांना तिनं स्वतः बोलावलं, तिन्ही बशा पुढे ठेवल्या आणि आपली चूक काय झाली ते न लाजता सांगितलं. पण सगळं सोडूनही दिलं नाही. सर्दी-खोकल्याच्या मुलाची खेळणी वेगळी ठेवायची, साबण नुसता लावायचा नाही तर चोळायचा, खाचा ब्रशनं घासायच्या, आणि पूर्ण वाळल्याशिवाय खेळणं टोपलीत टाकायचं नाही, असं तिनं मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावलं. घरी राहिलेली तीनही मुलं परत आली. शेवटी तिनं मला हातात घेतलं.

"हा तडा धुता येणार नाही. याला आता कुणाच्या तोंडात द्यायचा नाही," ती म्हणाली आणि मला वरच्या फळीवर ठेवलं. मग हळूच म्हणाली, "माफ कर रे बाबा." मी केलं. आवाज असता तर तसं सांगितलंही असतं.

सोमवारी सकाळी आई कामाच्या कपड्यांत आली, खांद्याला पिशवी, एक डोळा घड्याळाकडे. चिंगी फाटकाच्या आत मावशींच्या कडेवर होती. तोंडात जिराफ, हनुवटीवरून लाळ. आई "येते हं" म्हणाली आणि चिंगीचा ओठ वाकडा झाला. मला वाटलं, आता भोंगा वाजणार आणि आई माघारी फिरणार. पण चिंगीनं तोंडातला जिराफ बाहेर काढला, फाटकावरून हात लांब केला आणि तो आईच्या तोंडासमोर धरला. घे, तू पण खा.

आई थबकली. त्या लाळेत काय काय असतं हे त्या खोलीत तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तिनं वाकून जिराफाची मान दातांत धरली आणि "अम्‌" केलं. चिंगी खदखदून हसली. हसतानाच तिनं जिराफ परत घेतला, स्वतःच्या तोंडात घातला आणि खाली उतरायला धडपडू लागली, कारण गुंड्या आला होता. आई भराभर जिना उतरून गेली.

त्या तोंडात मी नव्हतो याचं मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू?

मित्रांनो, तुमच्या घरी एखादं लहान भावंड असेल, तर माझं एवढं ऐका. त्याची खेळणी रोज साबणानं चोळा, उन्हात वाळवा, तडा गेलेलं खेळणं बाजूला काढा. लाकडाला मात्र उकळू नका, ते सोसत नाही. आणि त्या चिमुकल्यानं तोंडातलं काढून तुमच्यापुढे धरलं, तर "शी" म्हणून त्याचा हात झटकू नका. त्याच्याजवळ द्यायला तेव्हा तेवढंच असतं.